लाडकंवरची भिंत

…नाही नाही, चप्पल काढूच नका, रोहिणी मॅडम — फरशी बर्फ आहे, बर्फ! नवनीत फोनवर म्हणाला असेल तुम्हाला, ‘आईचा फ्लॅट एकदम हवेशीर आहे’ — हवेशीर नसेल तर काय! सातपुड्यावरनं निघालेला वारा मधे कुठं टेकतच नाही, तो थेट आमच्या गॅलरीत येऊन बसतो. नंदुरबारात आणखी कोणाकडं जात नसेल, पण गजराबाईच्या घरी त्याची हजेरी ठरलेली. तुम्ही खापर गावच्या ना? तिकडं नाही का पडत थंडी? पडते, पडणारच — पण तिकडं तुमचं घर जमिनीवरचं असेल, चूल असेल, गोठा असेल. म्हशीच्या अंगाची ऊब काय असते ते आमच्या कोरीट गावात लहान पोरालाही ठाऊक. इथं तिसऱ्या मजल्यावर म्हैस कुठनं चढवू? मी आपलं आहे ते सांगते बाई. पोराला घर विकायचंय, तुम्हाला बदली झाली म्हणून घर पाहिजे, मी कशाला मधे आडवी येऊ? पण उद्या लेकराला सर्दी झाली की तुम्ही म्हणाल, म्हातारीनं आधी सांगितलं नाही.

बसा ना. खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो — पलंगावर बसा. काय म्हणता? मग मी कशी राहते? राहते आपली, कुडकुडत… आता तसं पाहिलं तर थंडीशी वागायचं कसं ते कळलं पाहिजे माणसाला. ती खिडकी बघा. पडदा वाटला ना तुम्हाला? पडदा नाही तो, गोधडी आहे! आत आमच्या शेतातला कापूस, वर माझी जुनी पातळं, टाके माझ्या हातचे. ऊन आलं की वर गुंडाळायची, ऊन कललं रे कललं की सोडायची खाली — ऊन आत कोंडलं म्हणून समजा. दाराखाली फट होती, तिथं चिंध्यांची लांबच लांब उशी शिवून ठेवली — पोस्टमन पहिल्यांदा आला तर साप, साप म्हणून खालीच पळाला. अन् पोटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर ठेचा — मग बघा कशी शेगडी पेटते आतून. फुकटात! हीटर? आहे की हीटर. नवनीतनंच पाठवला सुरतहून. त्याला मी टोपडं शिवून घातलंय, धूळ बसते ना. एकदा लावला होता — विजेचं मीटर असं पळायला लागलं की नुसतं बघूनच मला घाम फुटला. म्हणजे घाम फुटला म्हणजे काम झालंच म्हणा, पण त्याला हीटर कशाला, मीटर बघितलं तरी पुरे.

एकदा मात्र फसले हो. धानोऱ्याचे आमचे दीर, हिंमतराव — त्यांनी वाळलेल्या मिरचीची पोती ठेवायला दिली माझ्याकडे, भाव यायची वाट बघत होते. मी म्हटलं, पोतं म्हणजे उभी गादीच की! लावली सगळी गॅलरीच्या जाळीला, वाऱ्याच्या तोंडावर. वारा थांबला का? वारा कुठला थांबतो — तो मिरचीतनं गाळून आत आला! मी शिंकते, शेजारचे शिंकतात, वरच्या मजल्यावर शिंका, जिन्यात शिंका. बिल्डिंगची मिटिंग बसली माझ्यावर. अध्यक्ष उठले, ‘गजराबाई, तुम्ही’ — एवढंच म्हणाले, पुढं नुसतं आक् छी, आक् छी. ठराव काही झाला नाही. पण एक सांगते, त्या दिवशी आख्ख्या बिल्डिंगमधे कोणी स्वेटर घातला नाही.

हसताय काय! मी तुम्हाला घर वाईट आहे म्हणून सांगतेय अन् तुम्ही हसताय. आता विषय निघालाच तर सांगते, कोणाला बोलू नका — नवनीतचा फोन येतो ना, ‘आई, कशी शे? जेवनी का?’ जेवले म्हटलं की झालं, ठेवला. आईनं दुसरं बोलावं तरी काय? मग एकदा म्हटलं, ‘औंदा भलती थंडी पडनी रे भाऊ!’ — तर बाई, काय सांगू, मफलर बांधला का, पायाला तेल लावलं का, हळद टाकून दूध पी, किती वेळ बोलत राहिला. मला बरं वाटलं. मग मी रोजच थंडी सांगायला लागले. थोडी थोडी वाढवून. पोरगं पडलं भोळं, बापावर गेलंय — त्याला वाटलं म्हातारी गारठून जाते आता! ‘आई, सुरतले थंडी नही ऱ्हास, तू चाल इकडे, घर इकी टाकू.’ विकून टाकू! घ्या. मी बोलायला विषय काढला, अन् त्यानं तुम्हाला घर बघायला धाडलं.

अहो, स्वेटर का काढताय? असू द्या अंगात. पाठ टेकू नका तिथं — भिंत? भिंत कशाला ऊबदार असेल? आज तर तवा बंद आहे… तवा म्हणजे… गेलं का तोंडातनं! आता गेलंच तर ऐका. ह्या भिंतीच्या पलीकडं उमेदमल शेठचं स्वयंपाकघर. शेठ दिवसभर दुकानात, अन् त्यांची बायको लाडकंवर घरी खाकरे करून विकते. सकाळी देवदर्शन झालं की तवा चढतो, तो दिवस बुडेपर्यंत — जैनांचं रात्री खाणं नाही, मग चूलही नाही. खाकरा काही घाईनं होत नाही, मंद आचेवर लाकडी दट्ट्यानं दाबत दाबत भाजायचा. आधी तिची शेगडी तिकडं खिडकीपाशी होती. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, ‘लाडकंवर, थंडीनी मन्ही पाठ धरी लिधी.’ दुसऱ्या दिवशी बघते तर शेगडी उचलून ह्या भिंतीला आणून लावलेली! का गं, म्हटलं. तर म्हणे, इकडं उजेड चांगला आहे. उजेड! खिडकी तिकडं अन् उजेड इकडं!

तेव्हापासून माझा पलंग इथं. पाठ लावून बसते, तिकडनं ती दट्ट्या आपटते, इकडनं मी लोटा वाजवते — म्हणजे बोललोच आम्ही. सख्ख्या बहिणीनं केलं नाही हो एवढं. सुरतला थंडी नाही, खरंय. पण तिथं कोण बसलंय भिंतीपलीकडं माझ्यासाठी? सून चांगली आहे, नातू गोड आहे, सगळं आहे — पण सगळे कामाला-शाळेला गेले की दिवसभर त्या बंद दाराकडं बघत मी एकटीच ना?

म्हणून तर काल तिला बजावून ठेवलं होतं — उद्या मॅडम येणार, खाकरे अजिबात नको, भिंत कशी थंडगार पाहिजे, हात लावला की बाई पळाली पाहिजे. हो हो म्हणाली, गळ्याची शपथ घेतली. मग ही भिंत… सरका जरा, हात लावू द्या मला. — अगं बाई! ही तर चांगली तापलीये! लाडकंवर! ओ लाडकंवर! काय करी ऱ्हायनी तू? तवा कसाले लावना? — काय? मोठ्यानं बोल! — ऐकलंत? ऐकलंत का मॅडम, काय म्हणते ती? ‘तू सकाळपासून खोकली ऱ्हायनी, माले ऱ्हावायनं नही.’ आता काय म्हणावं हिला! माझं घर चाललंय, अन् हिला माझ्या खोकल्याची पडली!

नाही, काही नाही झालं मला. डोळे भरले तर भरू देत. तुम्ही फोन कोणाला लावताय? तुमच्या मिस्टरांना? घर पसंत आहे म्हणून? ठेवा. ठेवा तो फोन, आधी मी लावते. — हां, नवनीत. हां, जेवले. गप ऱ्हाय, मी काय सांगस ते ऐक. घर इकनं नही. थंडीनं नही रे, थंडी गई खड्ड्यामा! माले सुरतले येनं नही, बस. मन्हं मन इठेच शे. — रागवू नको भाऊ. तुन्ही याद येस रे, रोज येस. तू ये ना इकडे, पोराले संगे लई ये. पण माले नको नेऊ. — हां. हां. ठेव आता, पाहुण्या बसल्या आहेत.

तुम्ही अजून बसल्याच? काय करू, मॅडम, तुमचा हेलपाटा झाला, शेठना सांगते, ते बघतील तुमच्यासाठी दुसरं घर, त्यांच्या ओळखी आहेत. पण आता उठा. उठा ना, बाई — माझी बसायची जागा आहे ती.