आण्णा, हे लेखी द्या

आमच्या हदगावच्या शाळेत नोकरी जाणं म्हणजे काहीच न्हाई. संस्थेचे अध्यक्ष आण्णा भडकले की म्हणायचे, "मास्तर, उद्यापासून येऊ नका!" आपण दुसऱ्या दिवशी जायचं, आण्णा चहा पाजायचे, विषय संपला.

मागं नांदेडला शाळाचालकांसाठी कायद्याचं शिबिर झालं. तिथून आण्णा लई गंभीर होऊन आले. आम्हाला बोलावून म्हणाले, "वकील म्हणला, तोंडी काढलेलं चालत न्हाई. लेखी पाहिजे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. गणिताचे जाधव सर म्हणाले, "म्हणजे आमची नोकरी पक्की!"

"कोणती नोकरी?" आण्णा म्हणाले, "तुम्हाला घेतलं तरी कुठं लेखी? मोंढ्याच्या बाजारात चहा पिता पिता म्हणलो होतो, उद्यापासून या."

नेमणुकीची ऑर्डर आमच्यातल्या एकाकडंबी न्हाई. जाधव सरांचा आवाज चढला, "मग इतकी वर्षं आम्ही इथं काय करून राहिलो?"

"माझ्यावर आवाज चढवता? उद्यापासून येऊ नका!"

जाधव सरांनी खिशातला पेन काढून आण्णांपुढं धरला. "एवढं लेखी द्या आण्णा. नोकरी होती याचा तेवढाच पुरावा."

हे ऐकलं आणि आम्ही बाकीचे सगळे आपापले पेन काढून एकदम आण्णांवर ओरडायला लागलो.