ओटा काय वाईट होता?

नाही, मी सांगणारच नव्हतो. बाकावर येऊन अजून धड टेकलोही नाही तर हे तिघं सुरू, काय हो मिस्त्री, स्वयंपाकघर झालं म्हणे नवीन, सांगा की. अरे, काय सांगा? मागच्या आठवड्यात सांगितलं, परवा त्या दूधवाल्याला सांगितलं, आता हे नवीन गृहस्थ आलेत म्हणून परत पहिल्या विटेपासून. मी काय रेडिओ आहे का, कान पिळला की लागला? बरं, सांगतो. पण मधे बोलायचं नाही. मधे बोललात की मी उठून जाणार, आणि मला उठायला वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही माफी मागणार, म्हणजे परत बसणं आलं. माझ्या गुडघ्यांना ते परवडत नाही.

तर आधी मला एवढंच सांगा, आमचा ओटा काय वाईट होता?

या नवीन गृहस्थांसाठी सांगतो. मी गवंडी. शाळा चौथीत सुटली, पण ओळंबा हातातून कधी सुटला नाही. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली आणि एक स्वतःचं बांधलं, तेही सुट्टीच्या दिवशी, लोकांकडे उरलेल्या मालातून... उरलेल्या म्हणजे विचारून आणलेल्या, असं बघू नका माझ्याकडे. आणि त्या घरात सगळ्यात आधी काय बांधलं? ओटा! भिंतींना गिलावा नव्हता, जमीन नुसती खडबडीत, खिडकीला पोतं लावलेलं, पण ओटा पाहिजे. नवं लग्न हो. बायकोला तिथं उभं केलं, म्हटलं हात वाकव, कोपरात. आमच्या वस्तादांची शिकवण, ओट्याचं माप पट्टीनं घ्यायचं नाही, जिला तिथं राबायचंय तिच्या कोपरानं घ्यायचं. कोपराच्या खाली चार बोटं, तिथं भिंतीवर रेघ. मी चार बोटं धरली, तिला गुदगुल्या झाल्या, ती हसली, रेघ वाकडी, परत धरली, परत हसली. तीन वेळा माप घेतलं, तुम्हाला सांगतो. तसं एका वेळेतही झालं असतं, पण... जाऊ द्या.

तिला मी तेव्हापासून मालकीणबाईच म्हणतो. कारण काय, दिवसभर दुसऱ्यांच्या घरी 'हो मालकीणबाई, करतो मालकीणबाई' करून जीभ तशीच वळलेली असायची, घरी आलो तरी सरळ व्हायची नाही. त्या दुसऱ्या मालकीणबाया म्हणजे काय विचारता! कोनाडा इकडे नको तिकडे घ्या, ओटा इंचभर वर घ्या, नको, अर्धा खाली घ्या, आमच्या जाऊबाईंचा बघून या. आणि माझी? बेचाळीस वर्षांत ओट्याबद्दल एक तक्रार नाही. मी हे सगळ्यांना सांगायचो. घरी पाहुणा आला की आधी ओटा दाखवायचो, मग पाणी.

आणि मग पोराच्या डोक्यात किडा शिरला. बाबा, मॉड्युलर करू. सूनबाई म्हणाली, हो बाबा, सगळ्यांकडे झालं. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं, अरे, ओटा काय वाईट आहे? पण पोरानं टेबलावर कागद मांडला, वर लिहिलं बजेट, खाली लिहिलं दोन लाख, त्याखाली दोन रेघा मारल्या, म्हणाला, बाबा, याच्यावर एक पैसा नाही. दोन रेघा! मी आयुष्यात एवढी घरं बघितली, बजेटच्या खाली रेघ मारणारा प्रत्येक माणूस नंतर खोडरबर शोधताना बघितलाय.

मग आली ती नकाशावाली पोरगी. स्वभावानं गोड, पण हातात एक डबी, डबीतून लाल टिंब भिंतीवर पाडायचं आणि आकडा वाचायचा, दोरी नाही, पट्टी नाही, चार पावलं चालणं नाही. आणि तोंडात एकच शब्द. कपाटांचे दीड लाख धरून चाला. कोपऱ्यातलं फिरतं कपाट, बावीस धरून चाला. धूर ओढायची चिमणी, वीस धरून चाला. आवाज न करता मिटणाऱ्या बिजागऱ्या, अठरा धरून चाला. मी म्हटलं, बाई, आवाज न करता कशाला? आमच्या घरात कपाटाचा आवाज हीच तर बातमी! धाडकन आपटलं की मी समजतो, मालकीणबाई रागावल्यात, बाहेर निघा. आता ते हळूच मिटणार, म्हणजे मला कळणार कसं? पोरगी म्हणाली, आजोबा, तुम्ही फार विनोदी आहात. मी विनोद केलाच नव्हता.

चमच्यांच्या खणात कप्पे, साडेतीन हजार. प्रत्येक जातीच्या चमच्याला वेगळा. आमचं लग्न झालं तेव्हा नवराबायकोला वेगळी खोली नव्हती हो, आणि इथं काटेचमच्यांना! बिजागऱ्या बघायला पोरगा मला दुकानात घेऊन गेला, तर तिथला विक्रेता एकच खण उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय, म्हणे, आजोबा, ऐंशी हजार वेळा केलं तरी काही होत नाही. मी म्हटलं, बाळा, माझ्याकडे बघ, हजारभर वेळा टिकली तरी मला पुरते, तेवढ्या हिशेबानं लाव भाव. तो बिचारा ओशाळला, माफ करा म्हणाला. ही पहिली माफी. लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

असं धरून चालता चालता, वर नवा दगड, भिंतीच्या फरश्या, नळ, दिवे, मजुरी, कागद कुठं गेला? तीन लाख चाळीस! पोराचा चेहरा असा, ओल्या गिलाव्यावर कुणी हात फिरवल्यासारखा. त्यानं माझीच माफी मागितली, बाबा, चुकलं, नादाला लागलो. दुसरी. आणि बघवेना हो, आपलंच पोरगं. मी पेन्सिल घेतली. म्हटलं, थांबा. ओटा राहू द्या. ओटा राहिला की नवा दगड नको, तोडफोड नको, नळ हलवायला नको, फरश्या नको, नव्वद हजार इथंच वाचले. फिरतं कपाट काढा, चमच्यांच्या खोल्या काढा. ओट्याच्या पोटात नुसती कपाटं बसवा. सव्वादोन लाख. रेघांच्या जरासं बाहेर, पण बसलं!

पोरानं दोनदा बेरीज केली. सूनबाई म्हणाली, बाबांचं बरोबर आहे. पोरगी म्हणाली, होईल की तसं. तुम्हाला सांगतो, चौथीत सुटलेल्या माणसानं त्या दिवशी टेबलावरचे सगळे शिकलेले गार केले. माझा ओटा वाचला होता! मालकीणबाई तेवढ्या कोपऱ्यात उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मला वाटलं, आनंदानं.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, फक्त उंची एकदा बघते. आणि म्हणाली, आजी, इथं उभ्या राहा. हात वाकवा, कोपरात.

बेचाळीस वर्षांनी, तीच जागा, तोच हात, तोच चुडा, नुसता आता सैल झालेला. आणि पोरीनं ती डबी खाली ठेवली आणि तिच्या कोपराखाली चार बोटं धरली. चार बोटं! हिला कुणी शिकवलं? वस्ताद जाऊन जमाना झाला. मालकीणबाई हसल्या, तशाच. आणि मी बघितलं, ती चार बोटं ओट्याला टेकतच नाहीत. मधे हवा. चांगली अडीच इंच हवा.

पोरगी म्हणाली, "आजी, तुम्हाला रोज वाकावं लागत असणार. कंबर दुखत नाही?"

"दुखते की," मालकीणबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं झाली."

मी खाली बघितलं. फरशी. माझ्याच हातची, एका पातळीत, पाण्याचा थेंब टाकला तर थांबून विचार करेल कुठं जाऊ अशी. आणि डोक्यात उजेड पडला. ओटा बांधला तेव्हा फरशी होती कुठं? माप घेतलं खडबडीत जमिनीवरून! सहा महिन्यांनी फरशी टाकली, खालचा थर आणि वरची लादी मिळून अडीच इंच, मालकीणबाई वर आल्या, ओटा तिथंच राहिला. अहो, ही चूक! माप तयार फरशीपासून घ्यायचं, हे गवंड्याला पहिल्या दिवशी शिकवतात. याच चुकीसाठी मी हाताखालच्या माणसांचा बाप काढलाय! आणि वर्षानुवर्षं तिच्या कंबरेला तेल चोळताना मी काय सांगायचो? तू टीव्हीसमोर नीट बसत नाहीस. एकदा तर गादी फेकून नवा कडक पलंग आणला, तिच्या कंबरेसाठी.

सगळे पांगल्यावर मी तिला विचारलं, "आधी का नाही बोललीस?"

तिनं भांडं पुसून खाली ठेवलं. म्हणाली, "फरशी पडली त्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्ही दारात उभे, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारताय, या, ओटा बघून जा. पोरगा झाला तेव्हासुद्धा तुम्ही एवढे खूश नव्हता. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी पेन्सिल घेतली आणि माझ्या हातानं त्या कागदावर लिहिलं, ओटा तोडणे. पोरगी म्हणाली, पाच हजार धरून चाला.

पाच हजार! दोन दांडगे गडी यंत्र घेऊन आले, सकाळपासून घर हादरतंय, संध्याकाळी ओट्याचा एक कान तुटला. दुसऱ्या दिवशी यंत्राची दोन पाती गेली. तिसऱ्या दिवशी त्यातला थोरला घाम पुसत मला म्हणतो, आजोबा, हा बांधला कुणी हो, काय वैर होतं त्याचं? दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. आतून लाज वाटत होती आणि वरून अभिमान, आणि दोन्हींच्या मधे चार बोटांचंसुद्धा अंतर नव्हतं. बांधायला दगडासकट नऊशे लागले होते. तोडायला लागले एकोणीस हजार. तीन दिवसांत तीन वेळा भिंत फोडली म्हणून त्या गड्यानं माफी मागितली. अंदाज चुकला म्हणून पोरीनं मागितली. बजेट गेलं साडेतीनाच्या वर, आणि त्या दोन रेघा पोरानं खोडल्या.

नवी फरशी आधी टाकून घेतली. मग मी उभा राहिलो, म्हटलं, रेघ मी मारणार. चार बोटं धरली. या खेपेला ती हसली नाही, तरी रेघ वाकडी. परत धरली. तीन वेळा.

झालं हो, सुंदर झालं. कपाटं मिटतात, कळतसुद्धा नाही. मी दिवसभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतो, कुणी रागावलंय का अंदाज घेत. पंधरा दिवस गेले, काल त्या पोरीचा फोन आला, आजी, सगळं ठीक ना? आणि मी तिथं खुर्चीत, हाताच्या अंतरावर, चष्मा लावून जागा, आणि मालकीणबाई फोनवर सांगतायत, छान आहे गं, फक्त खांदे भरून येतात, एवढी वर्षं वाकायची सवय, आता ताठ उभं राहायचं म्हणजे नवीनच शिकणं आलं. आणि मग हळूच, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं,

"खरं सांगू का, आमचा जुना ओटा काय वाईट होता?"

पोरीला सांगितलं. परत पोरीलाच! मला नाही. साडेतीन लाख, माझा ओटा, एकोणीस हजारांची तोडफोड, आणि मी तिथंच बसलेलो...

द्या, हात द्या जरा, उठवा मला. घरी जायला पाहिजे, तिच्या खांद्यांना तेल चोळायचंय. दुकानदारानं माफी मागितली, पोरानं मागितली, त्या गड्यानं मागितली, नकाशावाल्या पोरीनं मागितली, इतकंच काय, आत्ता मधे बोलून तुम्हीही मागाल. राहिलीय एकच व्यक्ती, आणि ती काही मागायची नाही, मी ओळखून आहे. आमच्या मालकीणबाई.