दोर हलेना

मला हायकू म्हणायला लावू नका, कारण ऐका. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, दुष्काळ होता, आन् आमचं हायकू मंडळ लई जोरात होतं. औशाहून एसटीनं येऊन मी म्हटला:

कोरडा आड
बाई उतरलेली
दोर हलेना

आमच्यात हायकू दोनदा म्हणायचा आन् मग सगळ्यांनी गप्प बसायचं, हीच दाद. सगळे डोळे मिटून बसले. चहा वाटणाऱ्या सरूबाईनं विचारलं, "भाऊ, हे खरंच बघितलं काय?"

"व्हय, आज सकाळी. रस्त्याच्या कडेला."

"मंग बाई वर आली का?"

"न्हाई बघितलं. एसटी सुटायली होती."

सगळ्यांचे डोळे उघडले. सरूबाईनं माझ्या हातातला भरलेला कप काढून घेतला.