लिलावातला नमस्कार

बोली न लावताही लिलावात अडकता येते, हे मला वाशीला कळले. नव्वदनंतरची गोष्ट. रबाळ्याच्या आमच्या हिराजीला, माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्याला, नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात जुन्या चिनी फुलदाण्यांची जोडी हवी होती. वाशीच्या एका सभागृहात तसा लिलाव होता. त्याने आग्रहाने मलाही सोबत नेले.

फुलदाण्या त्याला मिळाल्या. त्यानंतर टेबलावर आला पितळेचा रांगता बाळकृष्ण, चांगला दीडशे वर्षांचा. टेबलाजवळच्या माणसाने मूर्ती उंच धरली आणि माझे जोडलेले हात आपोआप कपाळापर्यंत गेले.

"मागचे आजोबा, आठ हजार! एक वार, दोन वार..."

आठ हजार म्हणजे माझे पाच महिन्यांचे निवृत्तिवेतन! हिराजी ताडकन उठला. "ओ साहेब, थांबा! गुरुजींनी बोली नाय लावली, ते पाया पडले!"

सभागृह हसले. लिलाव पुकारणारा सज्जन होता. "हरकत नाही, पुन्हा पुकारतो. पण आजोबा, आता हात वर गेले तर देव तुमच्या घरी येणार हं!"

मूर्ती पुन्हा उंचावली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि ती दुसऱ्याची होईपर्यंत मान वर केली नाही.

बाहेर येताच हिराजी म्हणाला, "सुटलात, गुरुजी!"

सुटलो खरा. रोजच्या पूजेत मी देवाला सांगतो, हे सारे तुझेच आहे. त्या दिवशी त्यातले आठ हजार द्यायची वेळ आली, तर मी साधा नमस्कारही केला नाही.