कॅसेटच्या कव्हरवरचा लाल रंग

आदरणीय अध्यक्ष श्यामसुंदरराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते चित्रकार नंदकिशोरभाऊ, आणि मुलुंडच्या आपल्या सोसायटीतील बंधुभगिनींनो,

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय.

भाऊ उद्या दहिसरला राहायला चालले. शाल-श्रीफळ झालं, कौतुक झालं. पण गेली दोन वर्षं त्यांच्या पाठीमागे काय बोललं जातं, ते आपल्याला ठाऊक नाही का? ‘त्यांच्याकडून चित्र काढून घेऊ नका, हात अशुभ आहे.’ मंगलकार्याचं काम तर कोणीच देत नाही त्यांना.

शहाऐंशी साली आमच्या भजनी मंडळाने स्वतःच्या हिमतीवर कॅसेट काढली. पाठीशी कंपनी नाही, कोणी नाही. कव्हरचं चित्र भाऊंनी काढलं. मध्ये दत्तगुरू, भोवती आम्ही नऊ जणी. एकेकीला समोर बसवून चेहरे घेतले, पंधरा दिवस. आणि छापून आलं, तर नऊच्या नऊ जणींची कपाळं मोकळी.

पद्मजावहिनी हसून मला म्हणाल्या होत्या, “अगं प्रेमा, ह्यांना दाखवते. म्हणतील, मी असतानाच पुसलंस होय गं?”

शुभा म्हणाली, “चित्रकाराला आमचं कुंकू दिसलं नाही की काय?”

मी म्हटलं, “त्यांनाच विचारा ना.”

त्यानंतर सतराव्या दिवशी पद्मजावहिनींचे यजमान गेले.

आता ऐका. मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे. छपाई दोन रंगांत भागेल, पैसे वाचतील म्हणून लाल मी काढायला लावला. छापखानेवाला म्हणालाही, “ताई, कुंकवं जातील.” मी म्हटलं, “एवढ्याशा चित्रात कोण बघतंय?” भाऊंना हे कळलं होतं. ते बोलले नाहीत. मीही नाही. रोज देवापुढे बसते, पण त्याला काय सांगायचं? त्याला ठाऊकच होतं.

उरलेल्या कव्हरांवर काडीने लाल ठिपके द्यायला मी एका दुपारी बसले. आठ कपाळं भरली. नवव्यापाशी, पद्मजावहिनींच्या कपाळापाशी, हात थांबला. दिलं तरी चूक, न दिलं तरी चूक. तो गठ्ठा कपाटात आहे. साडी काढायला गेले की ते कपाळ दिसतं. गठ्ठा पालथा घालून ठेवला, तरी दिसतं.

हे भाऊंच्या हातचं मूळ चित्र. सुनंदाताई, जरा वर धरा, मागच्यांनाही दिसू दे. नऊच्या नऊ कपाळांवर लाल आहे. पद्मजावहिनी, तुमच्याही.

भाऊ, तुमचे आभार कोणत्या तोंडाने मानू? तरी मानते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, उपकार आहेत. वाचण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. बाकीचं घालू नका.