शिट्टी होण्याआधी

हॉलिडे पार्कच्या सामाईक स्वयंपाकघरात, पामर्स्टन नॉर्थहून सुट्टीला आलेली ऋचा टॉवेलात गुंडाळलेला कुकर पोटाशी धरून शेगडीसाठी थांबली होती. पुढे मायलेक कुजबुजत होते.

"आई, फिश अँड चिप्स आणतो. बाहेरच जेवू."

"वरणभात लावतेय रे नुसता."

"शिट्टी झाली की सगळे वळून बघतात."

"बघू देत. चोरी केलीय का आपण?"

"आणि वास?"

"हिंग आहे तो, मेलेला उंदीर नाही!"

म्हातारी मागे वळली. टॉवेलातून डोकावणारी कुकरची मूठ तिला दिसली.

"मराठी का गं तू? सांग जरा याला."

"सॉरी?" ऋचा म्हणाली.

तेवढ्यात दारातून तिची जुई ओरडली, "आई, इज द वरण रेडी?"