सोवळ्यातलं मनगट

देवासच्या दवाखान्यात, धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या रांगेत चारुलताच्या पुढे मनगटाला पट्टी बांधलेले मोरोपंत बसले होते. त्यांच्या शेजारच्या घरातली अंजू त्यांचा हात वर धरून होती.

"काका, नारळ सोडून मनगटावर कोयता?" अंजू म्हणाली.

"रक्ताची धार लागली होती, तरी मी ओरडतोय, शिवू नकोस, सोवळ्यात आहे!"

"काकू तर हळदीचा डबा ओतत होत्या."

"मनगटाचं लोणचं घालत होती."

"मी सरळ पंचा घेतला नि घट्ट दाबला."

"उचलून बघू तरी द्यायचंस!"

"उचललं असतं तर फिर चालू झालं असतं ना."

"डॉक्टर म्हणाले, दाबलं नसतं तर इथवर पोचलोच नसतो."

"आता टाके पडले. सोडू हात?"

"राहू दे, पोरी. देवाला मी समजावतो."